सत्यभामाबाईंचं ओलं सोयाबीन

अकरा वाजून गेले तरी सुलतानपूरहून फोन आला नाही, तेव्हा शेखरनं समोर आलेला चहा न पिताच परत पाठवला.

"तब्येत बरी नाई काय, शेखरभाऊ?" चहा आणणाऱ्या शालूबाईंनी विचारलं.

"बरी हाये."

"मंग चाय काऊन नाई घेतला?"

याचं उत्तर शेखरकडं होतं, पण ते शालूबाईंना सांगण्यासारखं नव्हतं. शालूबाईंना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत खामगावच्या अर्ध्या बाजारात पोचते असा सगळ्यांचा अनुभव होता. म्हणून त्यानं कपाळ दाबून धरलं आणि डोकं दुखत असल्याचं सोंग केलं.

शेखर खामगावच्या एका तेल गिरणीत कॉम्प्युटर इनचार्ज होता. गिरणीची सोयाबीन खरेदी केंद्रं जिल्हाभर पसरलेली. तिथं शेतकऱ्यांचा माल मोजला जाई, पावती कॉम्प्युटरवर चढे आणि ती त्याच क्षणी खामगावात दिसे. पावती चढवताना कुणाची चूक झाली, तर केंद्रावरून शेखरला फोन येई आणि तो ती दुरुस्त करी. सुलतानपूरच्या केंद्रावर पोळ्याच्या सुमारास योगिनी नावाची मुलगी कामाला लागली. त्याआधी शेखरला सुलतानपूर हे लोणार तालुक्यातलं एक गाव आहे, इतकंच माहीत होतं. पोळ्यानंतर मात्र जिल्ह्यात दुसरं गाव आहे की नाही, याचीच त्याला शंका येऊ लागली.

त्यानं तिला पाहिलं नव्हतं. व्हॉट्सॲपवर तिनं स्वतःच्या जागी भाचीचा फोटो लावला होता. त्या बोळक्या बाळावरून मावशी कशी असेल, याचा अंदाज बांधण्यात शेखरच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या होत्या. फोनवर ती म्हणायची, "हॅलो, शेखर सर, मी सुलतानपूरहून योगिनी." रोज म्हणायची, जणू दुसरी कुठली योगिनी त्याला रोज फोन करत होती. ट्रॉलीचा नंबर चुकला, गावाचं नाव चुकलं, असं काहीबाही ती सांगायची आणि शेखर म्हणायचा, "थांबा, मॅडम, कॉम्प्युटर जरा स्लो हाये."

कॉम्प्युटर मुळीच स्लो नव्हता. पण तो स्लो असला की बोलायला वेळ मिळायचा. वजनकाट्याखाली एक लंगडं कुत्रं झोपतं, मेहकरची बस कधीच वेळेवर येत नाही, खिडकीतून कडूनिंबाचं झाड दिसतं आणि त्याची पानं पार टेबलापर्यंत येतात, हे सगळं शेखरला त्या फोनवरूनच कळलं होतं. फोन ठेवल्यावर गिरणीतल्या मशीनचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागायचा आणि त्याला उगाच उदास वाटायचं.

दुर्दैव असं, की मुलगी हुशार निघाली. दसरा येईतो ती सगळं शिकली, चुका थांबल्या आणि फोनही थांबले. गिरणीचे मॅनेजर भगवानराव सगळ्या केंद्रांना तिचं उदाहरण देऊ लागले. सगळे खूश झाले. एकटा शेखर दुष्काळ पडल्यासारखा आभाळाकडं बघत बसू लागला.

आता इथं थोडं मागच्या दाराबद्दल सांगितलं पाहिजे. गिरणीनं पुण्याहून मोठं सॉफ्टवेअर आणलं होतं. त्याच्या स्क्रीनवर माहिती भरणं म्हणजे पुढच्या दारानं आत जाणं. तिथं राखणदार उभा असतो, काही वेडंवाकडं भरलं तर तो लाल होतो आणि आत सोडत नाही. पण ही सगळी माहिती आत ज्या तक्त्यांत साठते, ते टेबल ज्याच्याकडं पासवर्ड आहे त्याला थेट उघडता येतात. तिथं राखणदार नाही. जे लिहाल ते बसतं. "टेबलाला हातानं शिवू नका," असं पुणेकरांनी बजावून सांगितलं होतं, आणि "शेखर, तू मागून करून टाक बे," असं भगवानराव रोज सांगत होते. पुणं लांब होतं आणि भगवानराव शेजारच्या खोलीत होते. त्यामुळं शेखरचा हात मागच्या दारावर चांगलाच बसला होता.

एका संध्याकाळी, फोन न आलेल्या दिवसांना कंटाळून, त्यानं टेबल उघडलं आणि सुलतानपूरच्या एका पावतीवरचा ट्रॉलीचा नंबर एका आकड्यानं बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

"हॅलो, शेखर सर, मी सुलतानपूरहून योगिनी. मी नंबर बरोबर टाकला होता असं वाटते मले, पण इथं भलताच दिसून राह्यला."

"होते असं कधी कधी, मॅडम. थांबा, कॉम्प्युटर स्लो हाये."

त्या दिवशी त्यानं दोनदा चहा घेतला. मग ते व्यसनच लागलं. एखादा नंबर, एखाद्या गावाची वेलांटी, कुणाच्या वडिलांचं नाव. कुणाचं काही बिघडत नव्हतं, निदान शेखर स्वतःला तसं समजावत होता. योगिनीचा आवाज मात्र दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. "सर, माह्याकडून लय चुका होऊन राह्यल्या का हो?" असं तिनं एकदा विचारलं. तेव्हा त्याला क्षणभर वाईट वाटलं, पण तिनं पुढं भाचीला दात आल्याचं सांगितलं आणि तो वाईट वाटायचं विसरला.

आणि आज अकरा वाजून गेले तरी फोन नव्हता. काल त्यानं बदललेला नंबर तिनं आपला आपणच स्क्रीनवरून दुरुस्त करून टाकला होता.

म्हणजे आता तिला दुरुस्त करता येणार नाही अशी चूक हवी होती. अशी एकच जागा होती, ती म्हणजे ओलावा. सोयाबीन किती वाळलेलं आहे त्यावर त्याचा भाव ठरतो, म्हणून पावतीवरचा ओलाव्याचा आकडा एकदा भरला की त्याला कुलूप लागे. केंद्रावरून तो कुणालाच बदलता येत नसे. शेखरनं संध्याकाळी टेबल उघडलं, समोर आली ती मोतीराम नावाच्या शेतकऱ्याची पावती धरली आणि अकराचे एकवीस केले. स्क्रीननं एकवीस आकडा जन्मात घेतला नसता. टेबलानं मुकाट्यानं घेतला.

पण सकाळी तिच्याशी काय बोलायचं, दिवाळीला तिच्या घरी काय काय केलं होतं हे विचारायचं की नाही, या विचारात त्यानं पावतीचा नंबर टाकायच्या जागी मोतीरामांचा खातेनंबर टाकला होता. दसऱ्यापासून मोतीरामांनी जितक्या ट्रॉल्या आणल्या, त्या सगळ्याच एका दमात एकवीस टक्के ओल्या झाल्या. किती ओळी बदलल्या, हे कॉम्प्युटरनं खाली बारीक अक्षरांत सांगितलंही. शेखर तोवर शीळ घालत स्कूटीवर बसला होता.

सकाळी नऊलाच फोन वाजला. शेखरचा चेहरा उजळला.

"बोला, मॅडम!"

"सर," पलीकडं योगिनी रडवेली झाली होती आणि तिच्या मागं जत्रेसारखा गलका होता. "मोतीरामभाऊंच्या मोबाईलवर आपल्या कंपनीचा मेसेज गेला म्हणते. तुमचा माल ओला हाये, पुढची खरेदी बंद! मी नाई पाठवला, सर. आता त्यांच्या घरच्या सत्यभामाबाई इथं सोयाबीनचं घमेलं घेऊन बसल्या. अख्खं गाव गोळा झालं!"

मेसेज पुणेकरांनी पाठवला होता, म्हणजे त्यांच्या सॉफ्टवेअरनं. ओल्या मालाची सूचना शेतकऱ्याला आपोआप जावी, अशी सोय त्याच आठवड्यात सुरू झाली होती. तसं कळवणारं पत्र शेखरकडं आलंही होतं, पण हल्ली तो सुलतानपूर सोडून दुसरं काही वाचत नसे.

"घाबरू नका, मॅडम. आत्ता करतो," तो म्हणाला आणि त्यानं टेबल उघडलं. तेव्हा कुठं त्याला दिसलं, की वरपासून खालपर्यंत एकवीसच एकवीस. आधी कुठल्या ट्रॉलीला काय आकडा होता, ते टेबल विसरून गेलं होतं. शेखरला त्यातल्या एकाच पावतीचे अकरा आठवत होते. वेळ नव्हता, तिकडं ती रडत होती. त्यानं सगळ्याच ट्रॉल्यांना अकरा लावले आणि घाम पुसला.

आगीतून निघून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. एकाच शेतकऱ्याच्या इतक्या ट्रॉल्या, आणि ओलावा सगळ्यांचा बरोबर सारखा? असं खऱ्या मालात कधी होत नाही, हे पुण्याच्या सॉफ्टवेअरलाही माहीत होतं. त्यानं थेट भगवानरावांच्या मोबाईलवर कळवलं, की सुलतानपूर केंद्रावर कुणीतरी खोटे आकडे भरत आहे.

भगवानराव बाहेर आले ते जोडे घालतच. "गाडी काढा रे! ते सुलतानपूरची पोरगी तं चांगलीच निघाली. शेखर, तूही चाल."

सुलतानपूरला जायचं शेखरच्या मनात कितीदा आलं होतं. एखाद्या रविवारी, इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाची तरी मोटरसायकल घेऊन, लोणारचं सरोवर बघायला म्हणून निघावं आणि वाटेत सहज थांबावं. थंडीचे दिवस असावेत, दोन्हीकडं तूर फुललेली असावी. आता दिवस थंडीचे होते आणि तूरही फुललेली होती. शेखर मात्र मागच्या सीटवर कालच्याच शर्टात बसला होता, आणि भगवानराव पुढून सांगत होते, "आजच्या आज काढून टाकतो तिले." मेहकर मागं पडलं तेव्हा त्याला वाटलं, गाडी बिघडावी. गाडी बिघडली नाही.

केंद्र म्हणजे पत्र्याची शेड, पुढं काटा आणि काट्याभोवती माणसं. आत टेबलापाशी एक सडपातळ मुलगी उभी होती. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं आणि ओढणीचं टोक तिनं मुठीत गच्च धरलं होतं. तिच्या समोरच्या खुर्चीवर, मांडीवर घमेलं घेऊन, सत्यभामाबाई ऐसपैस बसल्या होत्या. मोतीरामभाऊ दाराशी उभे होते. घरात बोलायचं काम सत्यभामाबाईंकडं आहे, हे त्यांच्याकडं बघूनच कळत होतं.

"नमस्कार," शेखर कसाबसा म्हणाला.

मुलीनं झटकन वर पाहिलं. "शेखर सर ना? आवाजावरून वळखलं म्या. बरं झालं तुमी आले. आता तुमीच सांगा यायले, मी बरोबर टाकलं होतं म्हणून."

ज्या चेहऱ्यासाठी शेखर तीन महिने झुरला, तो चेहरा त्याच्याकडं इतक्या विश्वासानं बघत होता, की त्याला तो बघवेना. त्यानं नजर वळवली आणि घमेल्यातल्या सोयाबीनकडं पाहू लागला.

"तू मॅनेजर काय?" सत्यभामाबाईंनी भगवानरावांना विचारलं.

"हो, बाई. तुमच्या पावत्या दाखवता काय, आणल्या असन तं?"

"कागद कायले दाखवू? दाना दाखवते." त्यांनी मूठभर सोयाबीन भगवानरावांच्या हातात कोंबलं. "चाव. वाळलेला दाना कडकन वाजते. ओला दाना दाताखाली दबते. माह्या खळ्यावर मी सोता उन्हात बसून वाळवला हा माल. शेळीले तोंड लावू देलं नाई. अन् तुमी लोकायले सांगता, मी पानी मारून इकते? माह्या पोरीले उद्या पाहाले येऊन राह्यले पाव्हणे. त्यायच्याही कानावर गेलं हे. चाव म्हणते ना!"

"बाई, माह्या दाताचा..."

"चाव!"

सगळं गाव बघत होतं. भगवानरावांनी दाणा दाढेखाली धरला आणि चावला. कडकन आवाज झाला. शेडच्या दारापर्यंत सगळ्यांनी तो ऐकला. गावकऱ्यांनी माना डोलावल्या. भगवानरावांनी मात्र तोंडावर हात धरला आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलू लागला. वाजलं होतं ते सोयाबीन नव्हतं. मागच्याच महिन्यात अकोल्याला बसवलेली कवळी होती.

"कायलं, मायं शोयाबीन?" असं काहीतरी ते म्हणाले. ते कुणाला कळलं नाही, पण पुढचं सगळ्यांना कळलं, कारण ते योगिनीकडं बोट रोखून म्हणाले. "हिले... काहाडा!"

योगिनी रडायची थांबली. ओढणीचं टोक सोडून ती आपली पिशवी उचलायला वाकली. टेबलावरचा पाण्याचा तांब्या, पेन, डबा असं एकेक ती पिशवीत भरू लागली. तिच्या वडिलांना नोकरीचं किती कौतुक होतं, हे तिनं शेखरला फोनवर सांगितलं होतं. बसस्टँडवर भेटेल त्याला ते सांगत, 'माही पोरगी कंपनीत हाये.'

"तिनं नाही केलं," शेखर म्हणाला. "म्या केलं."

"काय?"

"आकडे म्या बदलले. मागून. टेबलात."

"काऊन?" भगवानराव तोंडावर हात ठेवून ओरडले.



"काऊन बे?" दाराशी उभे असलेले मोतीरामभाऊही म्हणाले. ते पहिल्यांदाच बोलले होते.

खरं सोडून दुसरं काही सुचावं, म्हणून त्यानं शेडच्या पत्र्याकडं पाहिलं. काही सुचलं नाही. "यायचा फोन येत नव्हता," तो म्हणाला. "चूक झाली की येते. म्हणून म्या चुका करत होतो, यायच्या नावावर. पोळ्यापासून... नाही, दसऱ्यापासून."

सगळ्यांत आधी सत्यभामाबाईंना कळलं. त्यांनी घमेलं खाली ठेवलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, "अरे बाप्पा! अन् तुले बोलाचं होतं पोरीसंगं, तं माहं सोयाबीन काऊन भिजवलं, मुडद्या?"

गाव खदखदून हसलं. शेखरही हसला असता, पण योगिनी हसली नव्हती. ती हातातला डबा तसाच धरून उभी होती.

"दोन महिने," ती म्हणाली, "मी सोताले बावळट समजून राह्यली होती. रोज घरी जाऊन रडली. बाबाले म्हटलं, मले नाई जमत हे काम. अन् तुमी मले धीर देत होते फोनवर."

तिनं डबा टेबलावर ठेवला आणि पाठ फिरवली. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर शेखरला बरं वाटलं असतं.

खरे आकडे मोतीरामभाऊंच्या घरच्या छापील पावत्यांवर होते. ते योगिनीनं त्याच दुपारी शेखरच्या पासवर्डनं परत भरले, आणि शेखर मागं हात बांधून उभा राहिला. तिनं काम संपवल्यावर भगवानरावांनी तिथल्या तिथं न्याय केला. कवळी हातात असल्यामुळं तो थोडक्यात झाला. खामगावची खुर्ची आणि पासवर्ड योगिनीला, सुलतानपूरची खुर्ची शेखरला. दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंनी पाव्हण्यांपुढं शेखरकडून सगळी हकिगत वदवून घेतली. त्यात पाव्हण्यांना इतकी मजा वाटली, की सोयरीक जुळली म्हणतात.

योगिनी खामगावला मावशीकडं राहायला गेली. शेखर सुलतानपूरला खोली घेऊन राहिला. लंगडं कुत्रं काट्याखाली झोपत होतं. मेहकरची बस वेळेवर येत नव्हती. खिडकीतून कडूनिंब दिसत होता. सगळं तिनं सांगितल्याप्रमाणं जागच्या जागी होतं, आणि सांगणारी तेवढी तिथं नव्हती. तिच्या खुर्चीवर बसून तो पावत्या भरी आणि प्रत्येक पावती पुन्हा तपासून मगच पुढं सोडी. एकही चूक करायची नाही, असं त्यानं ठरवलं होतं. चूक केली असती तर खामगावला फोन करावा लागला असता, आणि तो फोन तिनं उचलला असता. हे त्याला दिवसातून कितीदा तरी सुचायचं, आणि तेवढ्या वेळा तो पावती आणखी नीट तपासायचा. केंद्र झाडणाऱ्या बेबीताई म्हणायच्या, "एवढं काय पाहून राह्यला, भाऊ? देव दिसते काय त्याच्यात?" खामगावात भगवानराव आता सगळ्या केंद्रांना शेखरचं उदाहरण देऊ लागले होते. सोयाबीन संपलं, गिरणीच्या डाळ मिलसाठी तूर येऊ लागली, कडूनिंबाची पानं गळाली. फोन एकदाही वाजला नाही.

मग एका दुपारी वाजला.

"हॅलो, सुलतानपूर? खामगावहून योगिनी."

शेखर उभाच राहिला. "बोला, मॅडम."

"इतक्या दिवसांत तुमची एकही चूक आली नाई. पण आज एक पावती चुकल्यासारखी वाटते. आजची शेवटची. पाहा बरं."

"म्या पाहूनच टाकली होती, मॅडम."

"पाहा तं खरं."

त्यानं पाहिलं. ही पावती त्यानं भरलीच नव्हती. माल, वजन, ओलावा, सगळे रकाने रिकामे होते. नावाच्या जागी 'शेखर' लिहिलं होतं. केंद्र, शेगाव. तारीख, येत्या गुरुवारची. पुढची तारीख तर स्क्रीन घेतच नाही, कितीही डोकं आपटलं तरी लाल होतं. ही फक्त मागच्या दारानंच आत आली असणार, आणि मागच्या दाराची किल्ली आता एकाच माणसाकडं होती.

"आपलं शेगावले सेंटरच नाई, मॅडम," तो हळू म्हणाला.

"माहीत हाये मले."

"तारीखही पुढची हाये."

"तेही दिसते. मी आईले सांगितलं, गुरुवारी दर्शनाले जाते म्हणून." पलीकडून गिरणीच्या मशीनचा आवाज येत होता. "तुमी फक्त सांगा, पावती बरोबर हाये का चूक. चूक असन तं आत्ताच काढून टाकते."

"बरोबर हाये," शेखर म्हणाला.

"मंग वेळेचा रकाना तेवढा राह्यला. काय टाकू?"

"सकाळची पहिली बस धरतो मी."

"गुरुवारी रांग लय असते. उभं राहा लागन तुमाले."

"राहीन."

दाराशी तुरीची ट्रॉली हॉर्न वाजवत होती. शेखरनं तिला हातानंच थांबायला सांगितलं आणि तिकडं वेळ टाकून होईपर्यंत फोन कानाला धरून बसला.